त्या वर्मसाठी कुणी बक्षीस दिलं नव्हतं

मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो. आमच्या बारावीतल्या एका मुलाने प्रॅक्टिकलच्या तासाला शिक्षकांचा पासवर्ड बघून ठेवला आणि नंतर त्यांच्या नावाने आत शिरून स्वतःची आणि दोन मित्रांची हजेरी भरली. शिस्तपालन समितीची नोटीस घरी गेली. त्या रात्री त्याच्या वडिलांनी मला एक संदेश पाठवला. तो मी आधीही तीन-चार गटांत पाहिला होता. त्याचा सारांश असा:

‘रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने १९८८ मध्ये इंटरनेट केवढं आहे हे मोजण्यासाठी ९९ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. चुकून सगळं इंटरनेट बंद पडलं. कुलपंच कच्ची, त्यात त्याचा काय दोष? कॉलेजने काढलं, कोर्टात खेचलं, पण शिक्षा झालीच नाही. उलट एमआयटीने बोलावून प्राध्यापक केलं. आपल्याकडे अशा मुलांना नोटिसा देतात. मुलांना अडवू नका. अल्पवयीन मुलावर सायबर गुन्हा लागतच नाही.’

नाव खरं, वर्ष खरं, अमेरिकेतली एमआयटी ही विद्यासंस्थाही खरी. म्हणूनच हा मजकूर पटतो आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

‘फक्त मोजायचं होतं’ इथून सुरुवात करू. मॉरिस तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होता. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी त्याने तो प्रोग्रॅम, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा ‘वर्म’, सोडला तो कॉर्नेलच्या संगणकावरून नव्हे, एमआयटीच्या. माग काढत कुणी कॉर्नेलपर्यंत येऊ नये, म्हणून. प्रोग्रॅम चार वाटांनी आत शिरायचा: ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये उघडी राहिलेली चाचणीची सोय, फिंगर नावाच्या सेवेतली चूक, एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या यंत्रांमधली बिनापासवर्डची ये-जा, आणि शेवटी सरळ पासवर्ड ओळखून बघणं. त्या शेवटच्या वाटेसाठी ४३२ शब्दांची यादीच सोबत होती. आत गेल्यावर तो आपण साधी शेल, म्हणजे आज्ञा घेणारा रोजचा प्रोग्रॅम, असल्याचं सोंग घ्यायचा आणि आपल्या फाइली पुसून टाकायचा. मोजणी करायला आलेला माणूस दारावर थाप मारतो, नाव विचारतो, लिहून घेतो. तो किल्ल्या जुळवून बघत नाही. अपील न्यायालयाने प्रोग्रॅमचा उद्देश नोंदवला आहे तो असा: नेटवर्कवरची सुरक्षा किती अपुरी आहे हे दाखवणं. मोजणीचं नाव तिथे नाही.

‘चुकून’ या शब्दात मात्र अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाकारायचं नाही. यंत्रावर आपली प्रत आधीच आहे का, हे तो प्रोग्रॅम विचारायचा. पण एखादा व्यवस्थापक खोटंच ‘आहे’ असं उत्तर द्यायला लावून त्याला अडवेल, अशी शंका मॉरिसला आली. म्हणून त्याने दर सात वेळांतून एकदा ‘आहे’ हे उत्तर आलं तरी प्रत टाकायचीच, असं ठरवलं. सातातून एक हे प्रमाण भयंकर होतं. एकाच यंत्रावर प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रं गुदमरली. त्याने कुणाची एकही फाइल पुसली नाही. हाताबाहेर गेल्याचं कळल्यावर त्याने हार्वर्डमधल्या मित्राशी बोलून, प्रोग्रॅम कसा थांबवायचा याचा निनावी निरोपही पाठवायला लावला. पण त्यानेच तुंबवलेल्या जाळ्यातून तो निरोप वेळेत पोचला नाही. ही हकिगत मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि इथे आलो की वर्ग शांत होतो. विद्यापीठं, लष्करी ठिकाणं, वैद्यकीय संशोधनाच्या संस्था, सगळीकडे माणसं रात्रभर जागून यंत्रं साफ करत होती. एकेका ठिकाणचा खर्च २०० डॉलरपासून ५३,००० डॉलरच्या वर गेला.

त्याचा हेतू दुष्ट नव्हता, हे कोर्टानेही गृहीत धरलं. अपिलात वकिलांचा मुद्दा नेमका हाच होता: आत शिरण्याचा इरादा असेल, पण नुकसान करण्याचा इरादा सरकारने सिद्ध केलेला नाही. मार्च १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. परवानगीशिवाय जाणूनबुजून शिरलात, एवढं पुरे. नुकसान ठरवून केलं की नाही, हे तेव्हाचा अमेरिकन कायदा विचारत नव्हता. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्येही हा फरक वेगळ्या रूपात आहे. कलम ४३ खाली परवानगीशिवाय संगणकात शिरलं तर नुकसानभरपाई लागू होते, त्यासाठी अप्रामाणिक हेतू दाखवावा लागत नाही. तो हेतू दिसला की कलम ६६ येतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्यासाठी वेगळं कलम ६६-सी (66C) आहे. तेव्हा ‘तो तसा मुलगा नाही हो’ हे वाक्य खरं असलं तरी ते पूर्ण उत्तर होत नाही.

९९ ओळींचा भाग फक्त गळासारखा होता. तो अडकला की मुख्य प्रोग्रॅम ओढून घेतला जायचा, आणि तो कितीतरी मोठा होता. ‘सगळं इंटरनेट’ही नाही. नेहमी सांगितला जाणारा सहा हजार यंत्रांचा आकडा हा अंदाज आहे, तेव्हाच्या सुमारे साठ हजारांपैकी दहा टक्के. युनिक्स या संगणक प्रणालीचे ठरावीक प्रकार चालवणारी व्हॅक्स आणि सन यंत्रंच त्याला बळी पडली.

‘कुलपंच कच्ची होती’ हे ऐकलं की मी खरंच अस्वस्थ होतो, कारण मुलं सगळ्यात लवकर हेच उचलतात. कुलपं कच्ची होतीच. कॉर्नेलने चौकशीसाठी नेमलेल्या समितीने ते लपवलं नाही. पण तिच्या अहवालातला विचार असा: अशा उणिवांचा फायदा उठवण्यात ना बुद्धीची झेप आहे ना शौर्य, आणि विद्वानांच्या समुदायाला आपलं खासगीपण राखण्यासाठी आभाळाएवढ्या भिंती बांधायला लागू नयेत, कारण त्याच भिंती ज्ञानाची वाटही अडवतात. आमच्या शिक्षकांनी पासवर्ड टाकताना हात आडवा धरला नाही, कारण समोर त्यांचे विद्यार्थी बसले होते. तो विश्वास म्हणजे फट नव्हे.

कच्चं कुलूप दिसलं तर काय करायचं, हे मॉरिसला चांगलं माहीत होतं, आणि संदेशात हे कुठेच नाही. फेब्रुवारी १९८५ मध्ये, हार्वर्डला शिकत असताना, त्याने बेल लॅब्ज या संशोधन संस्थेसाठी एक तांत्रिक टिपण लिहिलं होतं. एक यंत्र दुसऱ्याचं सोंग घेऊन कसं शिरू शकतं, ही बर्कली युनिक्समधली उणीव त्यात मांडली होती, उघडपणे आणि स्वतःच्या नावाने. त्या टिपणासाठी त्याच्यावर कुणी खटला भरला नाही. तोच मुलगा आणि तीच बुद्धी. आज आपल्याकडे अशी उणीव सर्ट-इन या सरकारी संगणक सुरक्षा संस्थेकडे रीतसर कळवता येते. आमच्या मुलाने ‘सर, तुमचा पासवर्ड दिसतोय’ एवढं म्हटलं असतं, तर मी त्याचं वर्गात कौतुक केलं असतं.

‘शिक्षा झालीच नाही’ हे तर धडधडीत खोटं आहे. कॉर्नेलने त्याला निलंबित केलं. १९८६ च्या संगणक गैरवापर कायद्याखाली ज्यूरीसमोर खटला चालून दोषी ठरलेला तो पहिला माणूस. निकाल जानेवारी १९९० चा, सिराक्यूजमधला. कमाल शिक्षा होती पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलर दंड. मे महिन्यात न्यायाधीशांनी शिक्षा दिली ती तीन वर्षं देखरेखीखाली मोकळीक (प्रोबेशन), ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. तुरुंगवास नाही, हे खरं. म्हणजे शिक्षा झाली, मापात झाली, आणि पुढचं आयुष्य त्याच्या हातात राहिलं. मला या प्रकरणातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि संदेश नेमकं हेच खोडून टाकतो.

एमआयटीने त्याला वर्म लिहिल्याबद्दल बोलावलं नाही. मधली वर्षं बघा. १९९५ मध्ये मित्राबरोबर व्हायावेब ही कंपनी, १९९८ मध्ये ती याहूला विकली. १९९९ मध्ये हार्वर्डची पीएचडी, म्हणजे वर्मनंतर अकरा वर्षांनी. मग एमआयटी, तिथे नेटवर्कवरचं संशोधन, आणि २००६ मध्ये कायम नेमणूक. आणखी एक गोष्ट आपल्या पालकांनी ध्यानात घ्यावी: त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतल्या संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. एवढं पाठबळ असलेल्या घरातल्या मुलालाही तेवढी वर्षं लागली.

राहिला ‘अल्पवयीन मुलावर गुन्हा लागतच नाही’ हा दिलासा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. बारावीतला मुलगा सात वर्षांचा नसतो. अठराच्या आतल्या मुलासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या नियमांनुसार अशा कमी शिक्षेच्या प्रकरणात सहसा एफआयआर होत नाही, पण पोलीस नोंद करतात, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल करतात आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. नाव छापता येत नाही. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, पालकांना दंड भरायला लावू शकतं. या निकालामुळे पुढे त्याला अपात्र ठरवता येत नाही. हे संरक्षण मुलाला सावरायला दिलेलं आहे, आणि ते कृत्याच्या दिवशीच्या वयावर अवलंबून आहे. आमच्या या मुलाला डिसेंबरात अठरा पूर्ण होतील. ‘काही होत नाही’ हे मनात धरून त्याने हेच जानेवारीत, इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात किंवा नोकरीत केलं, तर समोर बाल न्याय मंडळ नसेल.

वडिलांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘सर, पण तुम्ही त्याला पोलिसांत देणार का?’ मी नाही म्हणालो.

सोमवारी समितीची बैठक आहे. तिथे काही जणांना प्रकरण थेट सायबर पोलिसांकडे द्यायचं आहे आणि दाखल्यावर शेरा मारायचा आहे. मी दोन्हीला विरोध करणार आहे. बदललेल्या सगळ्या नोंदी त्याने शिक्षकांसमोर बसून दुरुस्त कराव्यात, दोन्ही मित्रांनी आपला भाग स्वतःच्या हाताने लिहून द्यावा, सत्रभर त्याला प्रयोगशाळेत एकट्याने बसू देऊ नये, आणि परीक्षेला मात्र बसू द्यावं. पासवर्ड टाकताना पडदा भिंतीकडे वळवायची सूचनाही मी मांडणार आहे. ती आम्हा शिक्षकांसाठी आहे.