बारा मिनिटांचा 'हॉबिट' आणि मागे राहून गेलेला अख्खा सिनेमा

टोल्किनच्या 'द हॉबिट'वरच्या सिनेमांचा विषय निघाला की १९६६ सालचा बारा मिनिटांचा एक लघुपट हमखास चेष्टेला पुढे केला जातो. त्यात तेरा बुटक्यांचा पत्ता नाही, स्माउग ड्रॅगनचं नाव स्लॅग झालंय, गुहेत राहणाऱ्या गोलमचं गोलूम झालंय, आणि शेवटी गोष्टीचा नायक बिल्बो चक्क एका राजकन्येशी लग्न करून घरी येतो. पुस्तकावर जीव असलेल्या माणसाला हे खटकणारच. पण हा लघुपट म्हणजे न झालेल्या एका मोठ्या सिनेमाची पावती आहे. पावती चुरगळलेली म्हणून मालही रद्दी होता, हे मला पटत नाही. माल खरोखर वेगळा होता, आणि करारनाम्यातली एक ढिली ओळ त्याच्या मुळावर आली.

हकीगत थोडक्यात सांगतो. १९६४ मध्ये अमेरिकन निर्माता विल्यम स्नायडर याच्याकडे 'हॉबिट'चे हक्क स्वस्तात आले. टोल्किनची पुढची मोठी कादंबरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून तेव्हा दहा वर्षं होत आली होती, पण अमेरिकेतली लाट अजून यायची होती. स्नायडरने पुस्तक जीन डाइचच्या हातात दिलं. डाइच १९५९ पासून प्रागमध्ये काम करणारा अमेरिकन ॲनिमेटर. त्याच्या 'मन्रो' या लघुपटाला ऑस्कर मिळालं होतं. टॉम अँड जेरीचे ते जरा चमत्कारिक वाटणारे १३ भागही त्याचेच. त्याने आणि बिल बर्नाल याने पटकथा लिहायला घेतली. मोठ्या कादंबरीचा दोघांना पत्ता नव्हता. मुलांची एक जुनी गोष्ट, एवढंच समजून त्यांनी नावं बदलली, मोहिमेवर बरोबर जायला राजकन्या घातली. १९६५ मध्ये अमेरिकेत पेपरबॅक आवृत्त्या निघाल्या आणि कॉलेजच्या पोरांनी टोल्किनला डोक्यावर घेतलं. तेव्हा कुठे डाइचने मोठी कादंबरी वाचली, आणि पुढे दुसरा भाग काढता यावा म्हणून तिचे धागे पटकथेत मागून पेरले.

म्हणजे पटकथेचे दोष होते, ते मी नाकारत नाही. राजकन्या मलाही नकोच आहे. पण सिनेमा दिसणार कसा होता, ते बघा.

डाइचला पात्रं नेहमीसारखी सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावांवर, रंगवायची होती, पण त्यांच्यामागे रंगवलेलं चित्र नको होतं. तिथे खरोखर बांधलेलं, खऱ्या दिव्यांनी उजळलेलं छोटं नेपथ्य हवं होतं. स्नायडरने या तंत्राला 'इमॅजिमेशन' असं नावसुद्धा देऊन टाकलं. आणि कामात सहभागी करून घेतलं होतं यिर्झी त्रन्का यांना. बाहुलीपटांत त्या काळी त्यांच्या तोडीचा माणूस जगात शोधून सापडला नसता. १९५९ चं त्यांचं 'मिडसमर नाइट्स ड्रीम' किंवा १९६५ चं 'रुका' पाहिलं असेल तर एवढ्याशा नेपथ्यात ते उजेड कसा खेळवतात हे वेगळं सांगायला नको. तो हात गोलमच्या गुहेवर फिरला असता, हा विचार मनातून जात नाही.

कल्पना अगदी कोरी नव्हती. मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने १९३० च्या दशकात हे केलं होतं. १९३६ च्या पॉपाय आणि सिंदबादच्या रंगीत सिनेमात ते नीट दिसतं. कॅमेरा आडवा ठेवायचा. समोर दोन काचांमध्ये दाबलेला सेल उभा, आणि त्याच्यामागे मोठ्या फिरत्या तबकडीवर नेपथ्य. एक फ्रेम घ्यायची, सेल बदलायचा, तबकडी केसभर फिरवायची, पुढची फ्रेम घ्यायची. जवळची झाडं भराभर सरकतात, लांबचा डोंगर हळूहळू सरकतो, आणि पात्र त्या जागेतून चालतंय असं डोळ्याला खरंच वाटतं.

यात बिघडतं बरंच. पहिली अडचण फोकसची. सेल कॅमेऱ्याजवळ, नेपथ्य लांब, दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसायचं तर भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, मग उजेड कमी पडतो आणि प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. दिवे वाढवले की उष्णतेने सेल वाकतो आणि काचेत प्रतिबिंब पडतं, म्हणून कॅमेऱ्याभोवती काळं कापड आणि चकाकणारा प्रत्येक भाग झाकलेला. दुसरी अडचण सेलच्या रंगाची. पारदर्शक म्हटला तरी प्रत्येक सेल थोडा उजेड खातो. आत्ता तीन सेल आणि पुढच्या क्षणी एकच, असं झालं तर मागच्या नेपथ्याचा रंग उडी मारतो. म्हणून थरांची संख्या कायम ठेवायला मध्ये कोरे सेल घालतात.

पण सगळ्यात वाईट अडचण पायांची. रंगवलेल्या पात्राची सावली खऱ्या जमिनीवर पडत नाही, त्यामुळे ते हवेत तरंगतंय असं दिसतं. उपाय दोनच: सावली वेगळ्या सेलवर रंगवायची, किंवा काचेच्या अलीकडे एखादा उंचवटा, दगड, गवताचा पट्टा बांधून पाय झाकायचे. आणि पात्राला खांबाच्या मागून न्यायचं असेल तर प्रत्येक फ्रेमला चित्र खांबाच्या कडेनुसार कापावं लागतं. तबकडी फिरत असेल तर ती कडही दर फ्रेमला बदलते. शहाणा दिग्दर्शक असा शॉट लावतच नाही, पात्रांना कायम वस्तूंच्या पुढूनच नेतो.

एवढं असूनही 'हॉबिट'ला हे तंत्र नेमकं लागू पडतं असं मी म्हणतो, कारण ही गोष्ट मुळात चालण्याची आहे. बिल्बो, जादूगार गँडाल्फ आणि तेरा बुटके, म्हणजे पंधरा जण. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवलं, तर आठ सेकंदांच्या एका शॉटला प्रत्येकाची ९६ चित्रं, सगळ्यांची मिळून १४४०. ऐंशी मिनिटांच्या सिनेमात हे कोणालाच परवडत नाही. पण चालण्याचं चक्र केलं, दोन पावलांची बारा चित्रं, तर पंधरा जणांची १८० चित्रं लागतात आणि ती कितीही वेळ फिरवता येतात. सपाट चित्रापुढे असं चक्र पाच सेकंदांत उघडं पडतं. मागे तबकडीवरचं खरं रान फिरत असेल तर डोळा रानाकडे जातो. लघुपटात तेरा बुटक्यांऐवजी सेनापती थोरिन, राजकन्या आणि एक पहारेकरी असे तिघेच का उरले, याचं उत्तरही मला या हिशोबात दिसतं. वेळ नसला की पहिली काट माणसांवर बसते.

आणि वेळ खरोखरच नव्हता. डाइचने नंतर लिहून ठेवलंय त्याप्रमाणे, ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सशी बोलणी चालू होती, स्नायडरने पैशासाठी ताणून धरलं आणि बोलणी फिसकटली. करारातली मुदत होती ३० जून १९६६. तोवर रंगीत चित्रपट तयार हवा, नाहीतर हक्क परत. चित्रपट किती लांबीचा, हे करारात नव्हतंच! तोपर्यंत टोल्किनची किंमत कितीतरी पटींनी वाढली होती. स्नायडरने डाइचला सांगितलं, एका रिळाचा सिनेमा दे, तीस दिवसांत.

बारा मिनिटं म्हणजे १७,२८० फ्रेम, ३५ मिमीची १०८० फूट फिल्म. तीस दिवसांत पटकथा, चित्रं, निवेदन, संगीत, चित्रण, प्रयोगशाळा, प्रिंट. इथे ॲनिमेशनचा विचारही शक्य नव्हता. डाइचचा मित्र आणि मोठा चित्रकार आडोल्फ बॉर्न याने चित्रं केली, व्हात्स्लाव्ह लिडल याने संगीत दिलं. बाकी सगळं कॅमेऱ्याखाली: स्थिर चित्रावरून सरकणं, जवळ जाणं, कापलेली आकृती काचेखाली ढकलणं, एकातून दुसऱ्यात विरघळणं. डाइच प्रिंट घेऊन न्यूयॉर्कला गेला. मॅनहॅटनमधल्या एका छोट्या प्रोजेक्शन रूममध्ये, रस्त्यावरून बोलावून आणलेल्या लोकांना त्यांच्याच हातात दहा-दहा सेंट देऊन तिकिटाचे म्हणून ते परत घेतले, आणि पैसे भरून सिनेमा पाहिल्याबद्दल त्यांच्या सह्या घेतल्या. करार पाळला गेला! हक्क राहिले, आणि पुढे डाइचच्या म्हणण्यानुसार जवळपास एक लाख डॉलरना परत विकले गेले. त्रन्का १९६९ मध्ये वारले.

स्नायडरने करार मोडला नाही, आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा. अशी पोकळी आपल्याकडच्या कागदांतही सर्रास असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ लेखकाच्या बाजूने थोडं उभं राहतं: हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर हस्तांतरण संपतं, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण वर्षभराची अट 'करारात वेगळं म्हटलं नसेल तर' अशी आहे, आणि निर्मात्याच्या छापील मसुद्यात वेगळं म्हटलेलं असतंच. म्हणून कादंबरीचे हक्क देणाऱ्याने चित्रपट म्हणजे काय हे कागदावर लिहून घ्यावं: किमान किती मिनिटं, स्थिर चित्रं चालतील की पूर्ण ॲनिमेशन, प्रदर्शन म्हणजे किती पडद्यांवर किती दिवस. मुदतवाढ हवी तर नव्याने पैसे. पुढच्या भागांचे आणि पात्रांचे हक्क वेगळ्या कलमात. आणि मुदत संपली की वेगळी नोटीस न लागता हक्क आपोआप परत. यातल्या नुसत्या पहिल्या अटीने ३० जूनचा तो प्रयोग निकामी झाला असता.

लघुपट २०१२ मध्ये स्नायडरच्या मुलाने यूट्यूबवर टाकला. एकदा आवाज बंद करून बघा. फ्रेममधलं सगळं एकदम सरकलं तर कॅमेरा हललाय. पुढची आकृती मागच्या चित्रापासून सुटी सरकली तर ती कापून वेगळी ठेवलेली आहे. अशा जागी थांबवा आणि बॉर्नच्या रेघेची कड बघा, कागद जिथे कापलाय तिथली.