विल्यम कॅरीला कंपनी सरकारनं पाठवलं होतं? तो मेसेज जरा तपासूया

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, की विल्यम कॅरी नावाच्या पाद्र्याला ईस्ट इंडिया कंपनीनं मुद्दाम इकडे धाडलं, त्याचं श्रीरामपूर म्हणजे कंपनीचाच अड्डा, त्यानं शिपायांच्या जोरावर लोक बाटवले आणि कंपनीच्या पगारावर आयुष्यभर ऐष केली. त्याखाली कुणीतरी चिडून उत्तर दिलंय की तो नसता तर मराठीला व्याकरणच नसतं. मला दोन्ही पटत नाहीत, आणि माणूस मराठीशी जोडलेला आहे म्हणून गप्प बसवत नाही.

आधी "कंपनीनं पाठवलं" हे बघू. कॅरी मूळचा जोडे शिवणारा, नंतर बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री झाला, आणि 1792 मध्ये केटरिंगला त्यांनी जी मिशन सोसायटी काढली तिची पहिली वर्गणी होती 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. एवढ्यावर सरकार कुणाला पाठवतं का हो? कंपनीच्या हद्दीत लायसन्सशिवाय युरोपियन माणसाला राहता यायचं नाही, आणि मिशनरी म्हटलं की कंपनीला नकोच, कारण इथले लोक बिथरले तर धंदा बसेल ही भीती. ते लायसन्स नव्हतं म्हणून 1793 मध्ये कॅरीला इंग्लिश जहाजावरून उतरवलं, मग तो डॅनिश जहाजानं आला. पहिली काही वर्षं उत्तर बंगालात मदनाबतीला निळीच्या कारखान्याचा मॅनेजर म्हणून काढली. ही नोकरी मात्र कंपनीच्याच एका अधिकाऱ्यानं, जॉर्ज अडनीनं, दिली होती, तेही सांगायला हवं.

आणि श्रीरामपूर म्हणजे आपलं नगरचं नाही बरं का, कलकत्त्याच्या वर हुगळीकाठचं, तेव्हा डेन्मार्कच्या राजाचं गाव, डॅनिश नाव फ्रेडरिक्सनगर. 1799 मध्ये कॅरीचे सोबती मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड आले तेव्हा तेही कलकत्त्यात न थांबता थेट तिथेच गेले, कारण डॅनिश गव्हर्नर ओले बी त्यांना आसरा द्यायला तयार होता, आणि 1800 च्या जानेवारीत कॅरी त्यांना जाऊन मिळाला. म्हणजे कंपनीपासून लांब राहता यावं म्हणून निवडलेलं गाव, आणि मेसेजमध्ये तेच कंपनीचा अड्डा! 1807 मध्ये तर त्यांच्या छापखान्यातून इस्लामवर एक अपमानकारक पत्रक निघालं (ती चूक मिशनरींचीच, त्यात सारवासारव नको), तेव्हा कंपनीच्या गव्हर्नर-जनरलनं, लॉर्ड मिंटोच्या सरकारनं, छापखाना कलकत्त्याला हलवा म्हणून दबाव आणला, तो डॅनिश गव्हर्नरनं मानला नाही. मिशनऱ्यांना रीतसर परवानगीची वाट उघडली ब्रिटिश पार्लमेंटच्या 1813 च्या चार्टर ॲक्टनं, म्हणजे हा माणूस येऊन वीस वर्षं झाल्यावर.

"शिपायांच्या जोरावर बाटवले" हे तर तारखांसमोर टिकतच नाही. पहिला बाप्तिस्मा 28 डिसेंबर 1800 ला, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा. सात वर्षांत एक माणूस. त्याचा निखळलेला हात मिशनच्या डॉक्टरनं बसवला, तिथून ओळख वाढली. तो मिशनरींबरोबर जेवला म्हटल्यावर गावातल्या जमावानं त्यालाच पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेलं. म्हणजे जोर कुणाचा होता बघा. डॅनिश अधिकाऱ्यांनी संरक्षण दिलं हे खरं, पण संरक्षण आणि जबरदस्ती यात फरक आहे ना.

पगाराचं अर्धं खरं आहे. 1801 पासून कॅरी कंपनीच्याच फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा, आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठीही, सुरुवातीला महिना 500 रुपये, तेव्हा ही रक्कम खूप मोठी. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना भाषा शिकवणं म्हणजे राज्य चालवायला हातभारच, ते नाकारून चालणार नाही. पण ऐष कुठली? पैसा मिशनच्या सामाईक पेटीत जायचा, त्यावर छापखाना चालायचा.

आणि घर बघा ना. बायको डोरथीला यायचंच नव्हतं, जहाजाचा घोळ झाला म्हणून वेळ मिळाला आणि काही आठवड्यांचं बाळ घेऊन तिला निघायला लावलं. 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही, कित्येक वर्षं ती खोलीत बंद असायची आणि शेजारी नवरा भाषांतर करत असायचा, 1807 मध्ये ती गेली. कॅरीला दोष द्यायचाच असेल तर इथे द्या, मी पण देते. पण मेसेजमध्ये ती बाई नावालाही नाही.

आता चिडलेल्या उत्तराकडे. कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं, कोश 1810 चा, तोही मोडी लिपीत छापलेला, ही कामं मोठीच. पण महानुभावांच्या भीष्माचार्यांनी "पंचवार्तिक" हे मराठीचं व्याकरण त्याच्या कितीतरी शतकं आधी लिहिलंय, आणि 1778 मध्ये रोमला पोर्तुगीज भाषेतून मराठीचं व्याकरण छापून झालं होतं. शिवाय कॅरीला मराठी शिकवलं कुणी? कॉलेजातले वैजनाथ पंडित. "सिंहासन बत्तिशी", "हितोपदेश" ही श्रीरामपूरला छापलेली मराठी पुस्तकं त्यांच्याच हातची. अक्षरांचे ठसे पाडण्याचं कसब पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराचं, त्यानं ते जावई मनोहरला शिकवलं. पुढच्या वेळी कॅरीच्या बाजूनं किंवा विरुद्ध काही फॉरवर्ड कराल तेव्हा ही नावं तेवढी सोबत घाला, प्लीज.