रिपोर्ट माझा, उपास तिचे

डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत नागपुरात म्हणाले, की जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.१ च्या खाली जाता कामा नये, म्हणून घरटी तीन मुलं हवीत. आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री. शाळेची फी, फ्लॅटचे हप्ते, आणि शेवटी गाडी नेहमीच्या स्टेशनावर: "हल्लीच्या मुली करिअर करत बसतात, मग दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतात." इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये बसून मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं.

आमच्या घरातला रिपोर्ट माझा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात दर मिलिलिटरला शुक्राणूंची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. माझे वीस लाखही भरेनात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, आकडा हलला नाही. सांगलीत मात्र दोन वर्षं सगळ्यांनी दोष सूनबाईत आहे असं धरलं होतं आणि मी ते धरू दिलं. आई फोनवर तिला संकष्टी करायला सांगायची. ती करायची. साबुदाण्याची खिचडी मी खायचो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणासोबत. पण बोलीत वांझोटी आहे, तिला जोडीचा पुल्लिंगी शब्द पुरुषासाठी रुळलेला नाही. आहेत ते षंढ, नपुंसक, म्हणजे भलत्याच गोष्टीच्या शिव्या. बारशांना जाणं मी बंद केलं, तेही तिच्या मनाला लागेल या सबबीवर.

इथे सगळं मोकळं आहे असं समजू नका. पबमधला विनोद 'रिकामी काडतुसं' हाच. क्लिनिकची पत्रं तिच्या नावानं यायची, मी नुसता 'पार्टनर'. फरक पडला तो एका खोलीत. दात्याचं वीर्य वापरण्याआधी समुपदेशनाची संधी द्यायलाच हवी, असं इथला १९९० चा कायदा सांगतो. (भारतातल्या २०२१ च्या कृत्रिम प्रजननाच्या कायद्यातही समुपदेशन आहे. पुण्यातल्या माझ्या मित्राला मिळालं ते पॅकेजच्या दरांचं.) समुपदेशक बाईंनी विचारलं, "हे तुम्ही कोणाला सांगितलंय?" बायको माझ्याकडे बघत राहिली.

१ एप्रिल २००५ पासून इथे दात्याची ओळख कायमची झाकता येत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की नाव विचारू शकतं. भारतात ते गुप्तच राहतं. मला आधी आपलाच कायदा बरा वाटला. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "तुला मुलाची काळजी नाहीये, सांगलीची आहे." खरं होतं. ज्या गुप्ततेला मी आमची अब्रू म्हणत होतो, तिची किंमत ती एकटी उपासांनी फेडत होती. तीन मुलं की दोन, हे भांडण रंगवणाऱ्या आमच्या काका-मामांत साधी वीर्यतपासणी कितींनी आपल्या मुलाला सुचवली असती?

त्या रविवारी आईला फोन केला. "आई, कमी माझ्यात आहे." बराच वेळ काही नाही. मग दबक्या आवाजात, "पण तुझं... म्हणजे बाकी सगळं नीट आहे ना?" नीट आहे म्हटलं, फरक समजावला. तिला किती कळला कोण जाणे. "तिला फोन दे," म्हणाली. दोघी अर्धा तास बोलल्या, मी बाहेर कचऱ्याचे डबे लावत होतो. फोन परत हातात आला तेव्हा आई म्हणाली, "ग्रुपवर नको हं लिहूस काही."