नागिणीच्या गोळीने आपला डीएनए तुटत नाही

मावशीच्या डाव्या बरगडीखाली नागीण उठली. डॉक्टरांनी असायक्लोव्हिर लिहून दिलं, ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. दोन दिवसांनी मी भेटायला गेले तर पाकीट फोडलेलंही नव्हतं. "अगं, या गोळ्या डीएनए तोडतात. ग्रुपवर आलंय," ती म्हणाली. वेदनेने तिला धड बसताही येत नव्हतं, तरी गोळीची भीती जास्त होती. म्हणून त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर देते आहे.

मेसेजचा आशय असा: कुठलाही विषाणू पेशीत शिरला की आपल्या डीएनएत मिसळतो, तो शिरताक्षणी पेशीचं डीएनए तयार करणं बंद पडतं, हा बदल पुढच्या पिढीत उतरतो, आणि विषाणूवरची औषधं डीएनएवरच चालत असल्याने ती आपलाही डीएनए तोडतात.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. डेंग्यू, चिकनगुनिया, पोलिओ, फ्लू, कोरोना या सगळ्या विषाणूंचा जनुकीय ऐवज आरएनएचा, म्हणजे डीएनएच्या भावंडासारख्या दुसऱ्या रेणूचा. आरएनएवरूनच आरएनएची प्रत निघते, मध्ये डीएनए लागतच नाही. पोलिओचा विषाणू पेशीची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा मोडतो आणि त्यामुळे पेशीचं डीएनए बनवणंही मंदावतं, पण तो डीएनएत घुसत नाही. घुसणारे विषाणू आहेत, ते नाकारायचं कारण नाही. एचआयव्ही आरएनएवरून डीएनए बनवतो आणि आपल्या गुणसूत्रात शिवून टाकतो. असं उलटं लेखन करणारं विकर (एन्झाइम) १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. हिपॅटायटिस बी चे तुकडेही कधी कधी यकृताच्या पेशीच्या डीएनएत सापडतात. पण नागिणीचा विषाणू, म्हणजे लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला तोच विषाणू, मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींत दडतो तेव्हाही त्याचा डीएनए सुटा, वेगळा पडून असतो.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडं थांबावं लागेल, कारण तो पूर्ण खोटा नाही. तो एका विशिष्ट विषाणूबद्दल खरा आहे आणि तिथूनच सगळ्यांना चिकटवला गेलाय. ई. कोलाय या जिवाणूवर टी४ नावाचा विषाणू उतरला की काही मिनिटांत जिवाणूचं डीएनए बनवणं थांबतं. एवढंच नाही, विषाणू जिवाणूच्या डीएनएचे तुकडे करतो आणि तेच सुटे भाग स्वतःच्या डीएनएसाठी वापरतो. स्वतःचा डीएनए त्या कात्रीतून वाचावा म्हणून त्यात सायटोसिन या डीएनएच्या अक्षराच्या जागी थोडं वेगळं, खुणेचं सायटोसिन घालतो. अर्ध्या तासात जिवाणू फुटतो. हे चित्र इतकं ठळक आहे की शाळेच्या पुस्तकातून मनात बसतं आणि मग माणसाच्या पेशीतही असंच घडत असेल असं वाटतं.

माणसाच्या पेशीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या बहुतेक पेशी कुठल्याही क्षणी डीएनए बनवतच नसतात. विभाजनाआधी काही तास त्या सगळ्या डीएनएची, म्हणजे सुमारे ६४० कोटी अक्षरजोड्यांची, प्रत काढतात. एरवी ते काम बंद असतं. त्यामुळे विषाणूपुढचा प्रश्न पुष्कळदा उलटा असतो: बंद कारखाना सुरू कसा करायचा?

ज्यांच्याकडे स्वतःचं सामान आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. हर्पिस कुळातले विषाणू डीएनए जोडणारं पॉलिमरेज आणि कच्चा माल तयार करणारी काही विकरं यांची जनुकं सोबत आणतात. नागिणीच्या विषाणूचा डीएनए सुमारे सव्वा लाख जोड्यांचा, त्यात एवढं मावतं. ओठावर फोड आणणारा त्याचा भाऊबंद पेशीचं डीएनए बनवणं खरोखरच थांबवतो. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही जेमतेम ८,००० जोड्यांचा. त्याच्याकडे पॉलिमरेज नाही. तो पेशीचे ब्रेक सोडवतो: त्याचं ई७ प्रथिन आरबी या लगामाला निकामी करतं, ई६ प्रथिन पी५३ या पहारेकऱ्याचा नाश घडवून आणतं, आणि विश्रांतीला गेलेली पेशी पुन्हा डीएनए बनवायला लागते. म्हणजे इथे संसर्गाने पेशीचं डीएनए बनवणं सुरू होतं, आणि धोका नेमका त्यातच आहे. उंदरातल्या पॉलिओमा विषाणूबाबत हे १९६५ मध्येच डुलबेको, हार्टवेल आणि फोग्ट यांनी दाखवलं होतं. अशा प्रयोगात किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक सुटा घटक) किती शोषलं गेलं ते मोजतात, पण नुसता वाढलेला आकडा फसवा असतो. नवा डीएनए पेशीचा की विषाणूचा हे वेगळं काढून पाहावं लागतं. पॉलिओमाचा डीएनए छोट्या बंद वर्तुळाचा असल्याने तो वेगळा काढता येतो, आणि वाढलेल्यातला मोठा भाग पेशीचाच निघाला.

पार्व्होव्हायरस बी१९ तर वाट पाहत बसणारा. विभाजन चालू असलेली पेशी मिळाल्याशिवाय त्याची प्रत निघत नाही, आणि अशी पेशी त्याला अस्थिमज्जेत मिळते, तांबड्या रक्तपेशी जिथे घडतात तिथे. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी नेहमीच्या १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसच टिकतात. त्यांचं उत्पादन या विषाणूमुळे आठवडाभर थांबलं तरी हिमोग्लोबिन धोकादायक पातळीपर्यंत घसरतं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, जिथे सिकलसेल घराघरांत आहे, तिथे ही पुस्तकी माहिती राहत नाही.

तिसरा मुद्दा, पुढच्या पिढीचा. बदल वारशाने उतरायचा तर तो बीजांड किंवा शुक्राणू देणाऱ्या पेशीत व्हावा लागतो. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचा, म्हणजे एचआयव्हीसारख्या डीएनएत शिरणाऱ्या विषाणूंचा आहे हे खरं, पण ते लक्षावधी वर्षांत साठलंय. आईकडून बाळाला एचआयव्ही होतो तो संसर्ग असतो, वारसा नव्हे, म्हणून तर औषधांनी तो टाळता येतो.

आता मावशीची गोळी. असायक्लोव्हिर हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनचं नकली रूप. ते साखळीत जोडलं गेलं की पुढचं अक्षर अडकवायला जागाच उरत नाही, साखळी तिथेच थांबते. तयार डीएनए ते तोडत नाही, नव्या साखळीची वाढ थांबवतं. पण गोळीतलं औषध तसंच जोडलं जात नाही. त्याला आधी तीन फॉस्फेट लागावे लागतात, आणि त्यातला पहिला फॉस्फेट विषाणूचं थायमिडिन कायनेज नावाचं विकर लावतं. आपल्या पेशीचं विकर हे काम जवळजवळ करतच नाही. म्हणजे विषाणू नसलेल्या पेशीत औषध मुख्यतः निष्क्रियच राहतं. शिवाय तयार झालेलं रूप आपल्यापेक्षा विषाणूच्या पॉलिमरेजला जास्त जोराने धरतं. याचा पुरावा विषाणूच देतो: ज्यांच्यावर हे औषध चालेनासं होतं, त्या विषाणूंमध्ये बहुतेकदा थायमिडिन कायनेज बिघडलेलं किंवा गायब असतं. या औषधामागे ज्यांचं काम होतं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

जपायचं असतं ते मूत्रपिंडाला. पाणी भरपूर प्यावं लागतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. मेसेजने सांगायला हवं होतं ते हे.

फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू झाली तर सर्वांत उपयोगी पडते. मावशीने त्याच संध्याकाळी पहिली घेतली, वेळ थोडाच उरला होता. मग तिने विचारलं, "हे कायमचं जाईल ना?" खरं ते सांगितलं: नाही. चेतापेशीत झोपलेला विषाणू डीएनए बनवत नाही, आणि जिथे साखळी वाढतच नाही तिथे हे औषध काही थांबवू शकत नाही. झोपलेल्याला उठू न देण्यासाठी ५० वर्षांवरच्यांकरता लस आहे, ती भारतात मिळते. बरी झाल्यावर तिला डॉक्टरांकडे त्याबद्दल विचारायला घेऊन जाणार आहे.