सायकल फुटाळ्यावरच कशाला, कामालाही काढा

नागपुरात सायकली कमी नाहीत. पहाटे साडेपाचला फुटाळा तलावावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर जाऊन पाहा. हेल्मेट, हातमोजे, २१ गिअर, सगळं दिसेल. आणि त्यांतल्याच कितीतरी घरांतून आठ वाजता पाव किलो वांगी न् सांबार (कोथिंबीर) आणायला गाडी निघते. हौसेनं ३० किलोमीटर मारणाऱ्याला पाच किलोमीटरवरचं ऑफिस लांब का वाटतं? पायांत जोर भरपूर असतो, पण सायकलीला मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, स्टँड नसतो, दिवा नसतो. डबा ठेवायचा कुठे आणि सायकल उभी करायची कशी, इथेच गाडीची किल्ली हातात येते.

अंतराचा हिशेब आधी करू. प्रतापनगर ते बर्डी (सीताबर्डी) साधारण पाच किलोमीटर. ताशी १४ किलोमीटर हा निवांत वेग झाला, त्या वेगानं सिग्नल धरून २५ मिनिटं लागतात. शहर बहुतेक सपाट आहे, चढ म्हणाल तर उड्डाणपूल आणि टेकडीकडचा भाग. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: रोजच्या कामासाठी दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली स्वस्त गिअरची सायकल घेऊ नका. ती जड असते, पॅडल मारताना स्प्रिंग दबते आणि तुमचा जोर त्यातच जिरतो. शिवाय गिअर बदलणाऱ्या स्वस्त डिरेलरचं ॲडजस्टमेंट महिनाभरात हलतं. साधी सरळ फ्रेमची, एका गिअरची सायकल घ्या. पुढे ४४ आणि मागे १८ दातांचं फ्रीव्हील असेल आणि सिग्नलवरून उचलताना जड जात असेल, तर मिस्त्रीकडून मागे २० दातांचं बसवून घ्या. २६ इंची चाकावर मिनिटाला ६० पॅडल मारले तरी ताशी १६ किलोमीटर निघतात. शहरात याहून जास्त लागत नाही.

सीटची उंची मात्र जवळपास प्रत्येकाची चुकलेली असते. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि आठ दिवसांत गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर असला की गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, ही सवय चार दिवसांत लागते.

आता रस्ता. सिमेंट रोड गुळगुळीत दिसतो, पण धोका त्याच्या कडेला आहे. स्लॅब आणि बाजूचे गट्टू (सिमेंटच्या फरसबंदी विटा) यांच्यामध्ये लांबीत फट असते, कुठे कुठे दोन-तीन इंचांची पायरी असते. त्या फटीला समांतर जाऊन चढायला गेलात की पुढचं चाक अडकतं आणि माणूस आडवा होतो. मागे बघून, हात दाखवून, शक्य तितकं काटकोनात ओलांडा. बारीक टायर या शहरासाठी नाहीतच. ७०० × ३५ किंवा २६ × १.७५, त्याहून बारीक नको.

आणि पंचर. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सायकल सुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. पंचर काढताना ट्यूबवर दोन समोरासमोर चिरा दिसल्या तर हवा कमी होती. खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब चिमटली. अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही, हवेचा दाब दाखवणारा, काट्याच्या मीटरचा पंप घरी ठेवा. १.७५ च्या टायरला ४५-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त, टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याच्या वर नाही. दहा दिवसांनी एकदा बघायचं. एकच बारीक छिद्र असेल तर बहुधा बाभळीचा काटा. काट्याचं टोक टायरात तुटून राहतं, म्हणून ट्यूब बदलून, पॅच लावूनही दुसऱ्या दिवशी चाक बसलेलं सापडतं. टायरच्या आतून बोट हळूच फिरवून टोक शोधा, चिमट्यानं काढा, मगच ट्यूब घाला. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचं टोक टोचतंय, तिथे पॅचचा उपयोग नाही, पट्टीच बदला.

पॅच लावतानाही घाई नडते. पॉलिश पेपरनं घासा, सोल्यूशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. चकाकी गेली की पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच एप्रिलच्या उन्हात सुटतोच.

साध्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. आपल्याकडच्या उन्हानं ती वाळते, हवा हळूहळू जाते आणि लोक पंचर शोधत बसतात. व्हॉल्व्हवर थुंकी लावा, बुडबुडा आला तर नळी बदला. हा व्हॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या नळीला बसत नाही. नवीन ट्यूब घेताना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह मागितलात तर तोही प्रश्न सुटतो, फक्त रिमचं भोक तेवढं मोठं आहे का ते आधी पाहून घ्या.

उन्हाळ्याचं खरं बोलायला हवं. पारा ४५ कडे जात असताना दुपारी ११ ते ५ सायकल चालवू नये, त्यात शौर्य काही नाही. पण ऑफिसची जायची वेळ सकाळची असेल तर मे महिन्यातही जमतं. इथली हवा कोरडी असते, घाम आल्याबरोबर सुकतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट न पाहता निघण्याआधी आणि पोचल्यावर एकेक मोठा ग्लास प्या. डोकं-कान दुपट्ट्यानं बांधा, तोही सुती. दुपारी निघणं भागच असेल तर मेट्रोत सायकल नेता येते. स्टेशनला लिफ्ट आहे. वर्धा रोडनं खापरीकडे जाणाऱ्यांनी तर बाराही महिने असंच करावं, जड वाहनांच्या शेजारून चालवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात काळी माती छळते. रस्त्याच्या कडेचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरतो आणि चाक फिरेनासं होतं. त्यामुळे तिथे बोटभर फट ठेवून मडगार्ड बसवायला सांगा. भिजलेली चेन त्याच संध्याकाळी फडक्यानं पुसा आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाकून जादाचं पुसून काढा. भरपूर तेल ओतलं की माती चिकटून तिचा कानस होतो. नरेंद्रनगरच्या अंडरब्रिजमध्ये पाणी असेल तर उतरू नका. चाकाच्या मधल्या हबमध्ये पाणी गेलं की छर्रे गंजतात, आणि वर्षाचं ओव्हरऑइलिंग (सायकल खोलून साफसफाई आणि तेल-ग्रीस) दोन महिन्यांत करावं लागतं.

पैसे किती वाचतील? रोज दहा किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, ४५ चं ॲव्हरेज धरलं तर साडेपाच लिटर पेट्रोल. फार मोठी रक्कम नाही, आणि फक्त तेवढ्यासाठी सायकल घेणारा ती सोडतो. नोव्हेंबरात सुरुवात करा, आठवड्यातून दोन दिवस. गाडी विकू नका, घरात राहू द्या.

ऑफिस आणि सोसायटीवाल्यांना एक विनंती. पुढचं चाक खोचायचे ते लोखंडी स्टँड बसवू नका. धक्का लागला की सगळा भार रिमवर येतो, आऊट येते म्हणजे चाक वाकडं फिरतं, आणि कुलूपही फक्त चाकालाच लागतं. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून उलट्या यू आकाराचा पाइप वाकवून घ्या, जमिनीवर अडीच फूट उंच, तेवढाच रुंद, सिमेंटात पक्का रोवलेला. एका पाइपाला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात आणि फ्रेम व मागचं चाक एकाच साखळीत येतात. दोन पाइपांत तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे हँडल अडकत नाही. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली बसतात. जागा मात्र सावलीतली द्या, सीट तापली की संध्याकाळी बसवत नाही.