कुंडीतला वड उपाशी नसतो

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. 'बोन्साय घेण्याआधी हे वाचा.' दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर हाच मेसेज फिरला होता. तो वाचून अमळनेरच्या माझ्या मावशीने अकरा वर्षं सांभाळलेला वडाचा बोन्साय उचलला आणि भर उन्हात मारुतीच्या पारावर नेऊन ठेवला. घरात ठेववत नव्हता, फेकवतही नव्हता, म्हणून देवाच्या दारी. "झाडना तळतळाट लागस, भाऊ," एवढंच ती फोनवर म्हणाली.

मेसेजचं म्हणणं असं: झाडाला उपाशी ठेवून खुजं करतात, म्हणजे तो छळ आहे. अशा झाडामुळे घराची प्रगती खुंटते, वड-पिंपळ तर मुळीच नको. तरी हौस असेल तर बोन्साय टीव्हीशेजारी सावलीत ठेवा आणि आठवड्याला एक कप पाणी द्या. खान्देशच्या उन्हात तो टिकत नाही. आणि कसाही जपला तरी चार-पाच वर्षांत मरतो.

आधी उपासमारीचं बघू, कारण मावशीला तेच लागलं होतं. बोन्सायचं बी वेगळं नसतं आणि त्याला खुजं करणारं औषधही नसतं. झाड लहान राहतं ते छाटणीने. शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या झोपलेल्या अंकुरांना, फुटू देत नाही. शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात, झाड उंच जायचं सोडून आडवं पसरतं. कपाशीचा शेंडा खुडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मुळांचंही तसंच. जाड मूळ कापलं की तिथून बारीक तंतुमुळांचा झुपका फुटतो, आणि पाणी-अन्न शोषायचं काम तीच मुळं करतात. वडासारख्या झाडाची मुळं दोनेक वर्षांनी अशी छाटून माती बदलली की ते नव्या जोमाने फुटतं.

खताची गोष्ट तर मेसेजच्या अगदी उलट आहे. ओंजळ-दोन ओंजळ मातीतलं अन्न रोजच्या पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी पातळ शेणपाणी किंवा पेंडीचं पाणी द्यावंच लागतं. उपाशी ठेवलेलं झाड खुजं होत नाही, ते पिवळं पडतं आणि जातं. चिंचेचा बोन्साय पाहिला असेल तर आठवा: पानं बारीक होतात, पण लागलेली चिंच शेतातल्या चिंचेएवढीच असते. उपाशी झाडाला फळ धरवत नाही.

आता छळ. लिंबू-डाळिंबाचा बहर धरायला आपण बागेला मुद्दाम पाण्याचा ताण देतो, पानं गळू देतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो, तिला आयुष्यभर वृंदावनाच्या चौकोनात ठेवतो आणि रोज सकाळी हात जोडतो. त्याला कोणी छळ म्हणत नाही, कारण आपण तिच्याकडे रोज बघतो. या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मी नाकारणार नाही. फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते. पावसाळ्यात वडाची फांदी इतकी भराभर जाड होते की काही आठवड्यांतच व्रण पडतो. तार लावून विसरणं हा छळच आहे. तार ओढून काढू नका, पक्कडीने तुकडे करून सोडवा. तसंच सातपुड्यातल्या राखीव जंगलातून जुनं झाड उपटून आणू नका, तो गुन्हा आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात उगवलेली वड-पिंपळाची रोपं काय कमी आहेत? ती तशीही कोणीतरी उपटून टाकणारच असतं.

प्रगती खुंटण्याबद्दल मी थोडंच लिहितो, कारण श्रद्धेशी मला भांडायचं नाही. मेसेज म्हणतो, 'शास्त्रात लिहिलं आहे.' कोणत्या ग्रंथात, ते लिहिलेलं नाही. मावशीच्या घरी वड होता त्या अकरा वर्षांत दोन लग्नं झाली, मुलगा रेल्वेत लागला, वरचा मजला चढला. त्याचं श्रेय वडाचं नाही, आणि काही वाईट झालं असतं तर तो दोषही वडाचा नसता. वटपौर्णिमेला बाजारात तोडलेल्या फांद्या विकत घेऊन पूजा करण्यापेक्षा कुंडीतल्या जित्या वडाला सूत गुंडाळणं मला तरी बरं वाटतं.

सगळ्यात जास्त झाडं मारणारा मुद्दा तिसरा आहे: टीव्हीशेजारी ठेवा, आठवड्याला एक कप पाणी. आपला डोळा अंधाराला सरावतो, त्यामुळे खोलीत भरपूर उजेड आहे असं वाटतं. प्रत्यक्षात भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे १,००,००० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) असतो, तर दिवे लावलेल्या दिवाणखान्यात फार तर काहीशे लक्स. वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल ही सगळी उन्हाची झाडं. टीव्हीशेजारी त्यांचे शेंडे लांब, फिके, लुळे होतात, मग पानं गळतात आणि घरातले म्हणतात, बोन्साय टिकतच नाही. झाड बाहेर ठेवा. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आत आणा, परत बाहेर न्या.

पाण्याचा कप तर विसराच. पाणी वारावर ठरत नाही, मातीवर ठरतं. आपल्याकडे शेतकरी वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत का, ते बघून कामाला लागतो, तीच नजर इथे वापरा. बोट पेरभर मातीत घाला. ओल लागली तर थांबा, वरची माती सुकत आली असेल तर पाणी द्या, आणि द्याल तेव्हा खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत द्या. एप्रिल-मेमध्ये हे सकाळ-संध्याकाळ दोनदा करावं लागतं. श्रावणात झडी लागली की चार-चार दिवस लागत नाही. तुमच्याकडे नळ काही दिवसांआड येत असेल तर भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, फक्त त्यात मीठ किंवा साबण नको. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो, ते क्षार असतात. पहिल्या चांगल्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवा, क्षार धुऊन निघतात.

पण पाण्याच्या निम्म्या तक्रारी खरं तर मातीच्या असतात. तापीकाठची काळी कसदार माती कपाशीला सोनं, पण बोन्सायच्या उथळ कुंडीत ती फास होते. ओली असताना फुगून चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. माणूस म्हणतो, मी तर रोज पाणी घालतो. असं झालं असेल तर कुंडी बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवा. पुढच्या मोसमात माती बदला. मी विटांचा चुरा चाळून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवतो, भुकटी टाकून देतो. दोन भाग चुरा, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. वडासाठी हे काम जूनचा पाऊस स्थिरावून हवा दमट झाली की करावं. मेमध्ये मुळं कापली तर झाड ते सहन करत नाही.

खान्देशच्या उन्हाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा थंड प्रदेशातून आणलेलं जुनिपर किंवा पाइन इथे तग धरत नाही. ते विकत घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. पण वड, पिंपळ, उंबर ही याच मातीतली झाडं. चिंच, बोगनवेल, जेड आणि अडेनियम मुळात बाहेरून आलेली असली तरी उन्हाला दाद देत नाहीत. त्यांनाही मारतं ते डोक्यावरचं ऊन नव्हे. उथळ कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर भाजते आणि मुळं शिजतात. म्हणून कुंडी फरशीवर नको. विटांवर फळी टाका, कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, सकाळचं ऊन मात्र मिळू द्या. आणि पश्चिमेचा तापलेला वारा अडवा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती याच वाऱ्यासाठी. गच्चीवर तुराट्या, पत्रा, जुनं धोतर, काहीही चालतं.

चार-पाच वर्षांचं आयुष्य हा मुद्दा एका झाडाने संपतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत जोपासलेला. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता. कुंपणाच्या भिंतीआड वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला.

मावशीचा वड मला आठ दिवसांनी सापडला. पारावर एकही पान शिल्लक नव्हतं, माती दगड झाली होती. मी नखाने खोडाची साल जराशी खरवडली, आत हिरवी रेघ दिसली. तुमच्या झाडाची पानं गेली असतील तर फेकण्याआधी एवढं करून बघा. हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. त्याला बादलीत बुडवलं, पाऊस येईपर्यंत सावलीत ठेवलं. मावशी घरात परत घ्यायला तयार नव्हती, म्हणून जूनच्या शेवटी मामाच्या शेतात, बोरी नदीच्या बाजूच्या बांधावर जमिनीत लावला. घर, विहीर आणि पाइपलाइन यांपासून लांब, कारण वडाची मुळं भिंती उचलतात.

दोन पावसाळे झाले. कुंडीत वीतभर पसरलेला तो वड आता माझ्या खांद्याला लागतो, आणि नखाएवढी झालेली पानं पुन्हा तळहाताएवढी आली आहेत. गेल्या महिन्यात मावशीला दाखवायला नेलं. बराच वेळ ती खोडाला हात लावून उभी होती. मग म्हणाली, "हाऊ तोच वड शे का?"