मूठभर सिमेंट

वाईजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या भिंती दगडमातीच्या आहेत आणि त्यांवर मागच्या पिढीने हौसेने चढवलेला सिमेंटचा गिलावा अलीकडे पोपड्यांच्या रूपाने थेट आमच्या ताटात पडू लागला होता. जमिनीतून भिंतीत चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते आणि सिमेंट नेमकी तीच बुजवते, म्हणून मी सगळा गिलावा खरवडून चुन्याचा करायचे ठरवले. यात पर्यावरणाचेही भले होते. सिमेंटसाठी भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की भागते. शिवाय भाजताना दगडातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बऱ्याच अंशी हवेतून परत ओढून घेतच चुना घट्ट होतो. हे सारे मी मिस्त्रीला ओटीवर बसवून सविस्तर समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरोबर आहे साहेब, पण मूठभर सिमेंट टाकायचंच ना?"

कळीचा चुना पाण्यात पडताच खदखदू लागला, तेव्हा निम्मी आळी बघायला जमली. मग तो पाण्याखाली मुरत ठेवला. चुना जितका मुरेल तितका चांगला, हे शास्त्र खरे असले तरी "काम कुठवर आलं?" असे विचारणाऱ्या मेव्हण्याला "मुरतंय" हे उत्तर किती वेळा द्यावे, याला काही सुमार असतो. त्यात जुन्या पद्धतीप्रमाणे गूळ आणि हिरड्याचे पाणी आंबवून घालायचे होते. गुळाची ढेप मागताच वाण्याने "पंगत किती पानांची?" म्हणून चौकशी केली. हिरड्यांतले निम्मे काकूने पोटासाठी काढून ठेवले, गुळाचा वाटा गड्यांच्या चहाने उचलला, आणि उरलेल्यावर मुंग्यांनी आपला हक्क सांगितला. भिंतीच्या वाट्याला नक्की काय आले, हे आजही सांगता येणार नाही.

तरीही गिलावा देखणा झाला. दुसऱ्याच दिवशी वायरमनने त्यात खाच पाडून पाइप बसवला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत ती पांढऱ्या सिमेंटने लिंपून टाकली. मिस्त्रीला हे अजिबात सहन झाले नाही.

"पांढरं कशाला वापरलंस, महाग पडतं," असे त्याला दरडावत मिस्त्रीने जिन्याखालच्या फळ्या बाजूला सारल्या आणि काम सुरू झाल्यापासून तिथे दडवून ठेवलेली साध्या सिमेंटची गोणी ओढून बाहेर काढली.